न वाचलेला पाचू

दागिन्यांच्या दुकानाला दोन तोंडं असतात. पुढच्या तोंडाशी दिवे, आरसे, मऊ खुर्च्या आणि "पाणी घेणार का?" असं विचारणारी माणसं. मागच्या तोंडाशी जिन्याखालची एक खिडकी आणि तिच्यामागे एक बाई. ती पाणी विचारत नाही. ती विचारते, "काय मोडलंय?"

या बाईला सगळा बाजार भिंगबाई म्हणतो. तोंडावर नाही. तोंडावर तिला काही म्हणण्याची हौस एकदा भागली की पुन्हा कोणाला होत नाही. उंचीनं बेताची, आवाजाच्या बाबतीत मात्र देवानं हात आखडता घेतलेला नाही. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग. बाकी गळा, कान, हात मोकळे. दुसऱ्यांचं मोडलेलं दिवसभर बघितल्यावर मोडेल असं काही स्वतः घालावंसं वाटत नाही, असं ती सांगते.

या खिडकीची एक रीत आहे. थोरल्या मालकांच्या काळात एका गिऱ्हाइकानं "मी दिलेला खडा हा नव्हेच" म्हणून दुकानाच्या पायरीवर ठाण मांडलं होतं. त्यानंतर थोरल्या मालकांनी ठरवून टाकलं, की दुरुस्तीचा दागिना आला की आधी भिंगाखाली धरायचा आणि जे दिसेल ते मोठ्यानं म्हणायचं. खडा कुठला, चरा कुठं, टवका कुठं उडालाय, आत भेग आहे का. गिऱ्हाइकानं 'हो' म्हटल्याशिवाय दागिना खिडकीच्या आत घ्यायचा नाही. लिहून का नाही? तर लिहिलेलं कोणी वाचत नाही आणि बोललेलं चार जण ऐकतात, असं थोरल्या मालकांचं मत होतं. दुकानात याला 'खडा वाचणं' म्हणतात.

रीत साधी आहे, पण लोकांना ती अजिबात आवडत नाही. आपल्या घरातल्या खड्याला डाग नसतो, अशी प्रत्येकाची समजूत असते आणि ती समजूत या खिडकीपाशी रांगेतल्या अनोळखी माणसांदेखत मोडते. एक गृहस्थ बायकोची हिऱ्याची अंगठी घेऊन आले होते, बायकोही बरोबर होती. भिंगबाईनं अंगठी फिरवली आणि वाचलं, "काच. वरच्या बाजूला दोन चरे." पुढं त्या नवरा-बायकोत जे वाचन झालं त्याला भिंगाची गरज नव्हती.

असा राग रोज अंगावर घ्यायचा तर माणसाला स्वतःचाही थोडा जवळ ठेवावा लागतो. भिंगबाईनं तो ठेवला, आणि मग तो खिडकीत ठेवून घरी जाणं तिला जमेना. भाजी घेताना ती प्रत्येक टोमॅटोचं वाचन करते. भाजीवाल्यानं तिला सांगून ठेवलंय, "ताई, काय हवं ते निवडा, पण मनातल्या मनात." नवरा एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची नळकांडी सांभाळतो. नाजूक वस्तूंची सवय असल्यामुळे हा संसार टिकला, असं त्याचे मित्र म्हणतात.

तर अशा बाईनं एक खडा न वाचता घेतला.

तो तिच्या नणंदेचा होता. नणंद मोठी, नवऱ्याची थोरली बहीण. आईमागं घर तिनंच सांभाळलं, भावाचं शिक्षण तिनंच केलं, आणि हे कोणी विसरू नये म्हणून अधूनमधून तीच आठवण करून देते. आईची एक अंगठी तिच्याकडे आहे. सोन्यात बसवलेला चौकोनी पाचू, चार कोपऱ्यांवर चार नख्या. त्यातली एक नखी सैल होऊन बाजूला वाकली होती आणि स्वेटरच्या धाग्यांत अडकत होती. मुलीचं लग्न ठरलं होतं, अंगठी मुलीला द्यायची होती, म्हणून नणंद ती घेऊन खिडकीपाशी आली. बरोबर होणाऱ्या विहीणबाई.

"ही आमची भावजय," नणंदेनं ओळख करून दिली. "इथं सगळं हिच्याच हातात असतं हो. आणि ही आमच्या आईची अंगठी. इतक्या वर्षांत एक डाग नाही बघा पाचूला. असा पाचू आता मिळायचा नाही."

विहीणबाईंनी मान हलवली. मान हलवण्याची पद्धत अशी, की अजून पटलेलं नाही.

भिंगबाईचा हात भिंगाकडे गेला. पाचू म्हटला की आत भेगा असतात, काळपट जाळं असतं; बिनडाग पाचू दिसला की आधी काच म्हणूनच शंका घ्यायची असते. म्हणजे खडा खरा असेल तर ती वाचणार होती "आत भेगा", आणि खोटा असेल तर वाचणार होती "काच". दोन्हींपैकी काहीही विहीणबाईंसमोर म्हणणं म्हणजे भाचीच्या लग्नात स्वतःच्या हातानं काडी टाकणं. नणंद तिच्याकडे बघत होती. त्या बघण्यात भावाचं शिक्षण होतं.

"द्या वन्सं," भिंगबाई म्हणाली आणि अंगठी घेऊन पाकिटात टाकली.

रांगेत मागं उभ्या असलेल्या बाईनं लगेच विचारलं, "यांचं नाही वाचलंत?"

"तुमचं वाचते ना, दोनदा," भिंगबाई म्हणाली.

अंगठी गेली गुरगुरेकडे. हे त्याचं आडनाव नव्हे. खडे बसवताना हा कारागीर सोन्याशी, खड्याशी, अवजारांशी आणि कोणी ऐकत असेल तर त्याच्याशीही पुटपुटत भांडतो, म्हणून बाजारानं त्याला हे नाव दिलं आणि त्यानं ते घेतलं. सायकलच्या दुकानावर त्याची एक खोली आहे. खिडकीलगत मेज, मेजाच्या पोटाला अडकवलेलं चामडं, सोन्याचा कीस पडला तर त्यात पडावा म्हणून. दागिना लाखेच्या दांडीत रोवून तो नाकाजवळ धरतो आणि गुरगुरत एकेक नखी दाबतो. दुकानाचं खड्यांचं सगळं काम त्याच्याकडे जायचं. दुसरं दुकान त्यानं कधी धरलं नाही, कारण दुसऱ्या दुकानात आणखी कोणाशी तरी बोलावं लागलं असतं.

अंगठी परत आली ती चकचकीत होऊन. नखी सरळ, घट्ट. आणि तिच्या कडेला, सैल नखी ज्या कोपऱ्यावर होती तिथं, पाचूचा टवका उडालेला. तांदळाच्या कणीएवढा. पण पाचूवर तांदळाची कणी डोंगराएवढी दिसते.

नणंद खिडकीपाशी आली तेव्हा नशिबानं एकटी होती. तिनं अंगठी उजेडात धरली.

"हे काय आहे?"

भिंगबाईनं आता वाचलं. आत चार भेगा, जाळं, एक कोपरा उडालेला. खडा खरा होता, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"हे आधी नव्हतं," नणंद म्हणाली.

"वन्सं, आधी होतं की नव्हतं, हे मी बघितलंच नाही."

"तू नाही बघितलंस, पण मी रोज बघते. तुमच्या माणसानं फोडला आईचा पाचू! विहीणबाईंना काय दाखवू मी आता, हा दात पडलेला खडा?"

"आधीही असू शकेल. वाकलेल्या नखीखाली कोपरा दिसत नाही वन्सं, आणि नखी सैल…"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

या प्रश्नाला 'नाही' म्हणावं तर कारागीर गुन्हेगार, आणि 'हो' म्हणावं तर घरी रात्रीचं जेवण अवघड. भिंगबाईनं प्रश्न तसाच ठेवला आणि गुरगुरेला निरोप धाडला. तो आला. रांगेतल्या माणसांना बाजूला सारत त्यानं खिडकीला तोंड लावलं.

"मी फोडला? मी?" तो म्हणाला. "नखी उचलली तेव्हाच कोपरा नव्हता तिथं."

"मग तेव्हाच आणून का नाही दाखवलात?"

"का दाखवायचा? तुमच्या खिडकीतून आलेला खडा! तुम्ही वाचलेला असणार, गिऱ्हाइकानं 'हो' म्हटलेलं असणार. मला काय माहीत, तुम्ही नातेवाइकांना माफी देता ते?"

रांगेत कोणीतरी खोकलं.

"घाण असेल ना टवक्यात," भिंगबाई घाईनं म्हणाली. "जुना असेल तर त्यात मळ बसलेला असणार, साबण असणार. नवा असेल तर स्वच्छ. आत्ता कळेल."

"धुतली मी."

"काय?"

"काम करायच्या आधी अंगठी धुतो मी. कोमट पाण्यात, मऊ ब्रशनं. प्रत्येक धुतो. तुम्हीच सांगितलेलं आहे, मळकी अंगठी परत पाठवू नका म्हणून." तो नणंदेकडे वळला. "आणि बाई, मला लपवायचाच असता तर नखी जरा रुंद करून वर दाबली असती. जन्मात दिसला नसता तुम्हाला."

"ऐकलंस?" नणंद म्हणाली. "लपवायची पद्धतसुद्धा पाठ आहे यांना!"

धाकटे मालक खाली उतरले. हे पन्नाशी उलटलेले आहेत, पण थोरले मालक फोटोत असले तरी थोरले असल्यामुळे हे धाकटेच राहिलेत. त्यांना मोठे आवाज आवडत नाहीत. नणंदेला त्यांनी पुढच्या बाजूला नेऊन मऊ खुर्चीत बसवलं, पाणी विचारलं, झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे म्हणाले आणि या कारागिराला दुकान पुन्हा काम देणार नाही असा शब्द दिला. नणंदेचं समाधान झालं. विहीणबाईंना सांगायला तिच्याकडे आता एक गोष्ट होती. खडा निर्दोषच होता. एका माणसानं फोडला, आणि त्या माणसाला शिक्षा झाली. फुटलेल्या पाचूपेक्षा ही गोष्ट किती तरी जास्त चमकत होती.

भिंगबाई वर मालकांच्या खोलीत गेली.

"चूक माझी आहे. मी वाचला नाही."

"बाई, तुमची चूक झाली असं बाहेर कळलं तर खिडकीवर विश्वास कोण ठेवील?" मालक मवाळपणे म्हणाले. "कारागीर काय, दुसरा मिळेल."

"त्यानं फोडला असं कशावरून?"

"नाही फोडला असं कशावरून?"

ती भडकली ती याच प्रश्नावर. खोटं बोलणाऱ्या माणसाला ती भिंगाखाली धरू शकत होती. इथं कोणी खोटं बोलत असल्याचं तिला दिसत नव्हतं. नणंद खरंच मानत होती की पाचू अखंड होता, कारण आईच्या वस्तूला डाग नसतो. कारागीर खरंच म्हणत होता की कोपरा आधीच गेलेला. आणि नखी दाबताना पाचूचा कोपरा उडतो, चांगल्या चांगल्या हातांतून उडतो, हेही खरं होतं. खरं काय ते बघायची एकच वेळ होती आणि तेव्हा तिनं भिंग गळ्यात ठेवून नातं डोळ्याला लावलं होतं.

घरी नवऱ्यानं पान वाढून ठेवलं होतं. बहिणीचा फोन येऊन गेला होता.

"ताई म्हणत होती, झालं ते झालं, तिचा तुझ्यावर राग नाही."

"माझा आहे तिच्यावर."

"अगं, त्या माणसाचं काम गेलं, विषय संपला ना?"

"काय म्हणालास?"

नळकांड्यांच्या सवयीनं नवऱ्याला समजलं, की काहीतरी तडकलं. तो पाणी आणायला उठला, पण उशीर झाला होता.

"तुझी बहीण विहिणीसमोर उंच दिसावी म्हणून मी गप्प बसले. मी! रोज लोकांच्या आयांच्या अंगठ्या चारचौघांत वाचते, कोणाची भीड ठेवत नाही, आणि तुझ्या आईची आली तेव्हा लाळघोटेपणा केला. आणि त्याचं काम गेलं, आणि तुम्हा दोघांचा विषय संपला! केवढे मोठ्या मनाचे लोक तुम्ही!"

"मग आता काय करणार?"

"जेवणार," ती म्हणाली आणि जेवली. रागात तिला भूक जास्त लागते.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीपाशी जे सुरू झालं ते बाजाराला बरेच दिवस पुरलं. खड्याचं काम घेऊन कोणी आलं की भिंगबाई खडा वाचायची, 'हो' घ्यायची, पाकिटात घालायची आणि म्हणायची, "केव्हा मिळेल ते सांगता येत नाही. कारागिराला बंद केलंय."

"का हो?"

"कारण मी एक खडा न बघता घेतला."

"तुम्ही न बघता घेतला, तर कारागिराला का बंद केलं?"

"ते वर विचारा. जिना तिकडून आहे."

लोक वर जाऊन विचारायला लागले. आपल्याकडे काम अडलं तर माणूस मुकाट्यानं परत जातो, पण त्यात कोणाचं भांडण आहे असं कळलं तर जिने चढतो. धाकट्या मालकांनी दुसरा कारागीर आणला. त्यानं एक पुष्कराज तिरका बसवून दिला. भिंगबाईनं तो गिऱ्हाइकासमोर वाचला, "खडा अखंड. बसवणारा वाकडा." दुसरा कारागीर पुन्हा आला नाही. मालकांनी तिला बोलावून सांगितलं की हे चालायचं नाही. तिनं विचारलं की मी एक तरी शब्द खोटा बोलले का? मालक म्हणाले, तीच तर अडचण आहे. तिला काढून टाकावं असंही त्यांच्या मनात आलं असणार, पण तिच्या जागी बसून दिवसभर शिव्या खायला तयार असलेलं माणूस बाजारात दुसरं नव्हतं.

नणंदेच्या कानावर हे गेलं आणि ती खिडकीपाशी आली, या वेळी रांगेत उभी न राहता.

"तू माझी गोष्ट सगळ्या बाजाराला सांगतेस?"

"तुमचं नाव घेतलं नाही वन्सं. मी माझीच गोष्ट सांगते."

"घरातलं घरात ठेवायची काही रीत असते."

"घरातलं मी ठेवलं होतं घरात. त्यापायी बाहेरच्या माणसाची चूल थंड झाली."

"विहीणबाईंना काय वाटेल?"

"त्यांना घेऊन या ना. सांगते."

नणंद गेली. पाचू तिनं दुसरीकडे नेला. तिथल्या माणसानं नखी रुंद करून टवक्यावर दाबून दिली, आणि लग्नात विहीणबाईंनी त्या अंगठीचं कौतुक केलं. भिंगबाई लग्नाला होती. तिनं अंगठीकडे बघितलं, मग ताटाकडे बघितलं आणि भाचीला आशीर्वाद देऊन लवकर निघाली. भाचीचा यात काही दोष नव्हता.

पाकिटांनी कपाटाचे दोन कप्पे भरले तेव्हा धाकट्या मालकांना न्यायाची आठवण झाली. त्यांनी गुरगुरेला बोलावून घेतलं. तो आला, दारातच उभा राहिला. खिडकीपुढं नेहमीची रांग होती आणि बाकावर सोनार, पॉलिशवाले, मोती गाठवणारे असे दुकानाचे कारागीर आपापली कामं न्यायला बसले होते.

"झालं गेलं विसरून जा," मालक म्हणाले. "गैरसमज होता."

"काय होता?"

"गैरसमज."

"म्हणजे मी नाही फोडला असं म्हणताय?"

मालकांनी भिंगबाईकडे बघितलं. अवघड वाक्यं तिच्याकडे पाठवायची त्यांची जुनी पद्धत.

गुरगुरेही तिच्याकडे वळला. "तुम्ही बोला. इथं आत नको. बाहेर हे सगळे बसलेत, यांच्यासमोर मला चोर केलंत, यांच्यासमोरच बोला."

भिंगबाई खिडकीच्या मागून उठली. दाराला वळसा घालून बाहेर आली. त्या बाजूला तिला उभं राहिलेलं फार थोड्यांनी बघितलं असेल. ती वाचायच्याच आवाजात बोलली.

"पाचूची अंगठी मी न बघता घेतली. नात्यातली होती म्हणून. कोपरा केव्हा उडाला ते त्यामुळं कोणालाच सांगता येणार नाही. यांनी फोडला असं कोणी म्हणायचं नाही, मालकांनीही नाही. म्हणायचं असेल तर मला म्हणा." तिनं गुरगुरेकडे हात केला. "आणि यांनी नाही फोडला, असंही मी म्हणू शकत नाही."

गुरगुरेचा चेहरा लाल झाला.

"ते शेवटचं कशाला?" तो ओरडला. "इतकं चांगलं चाललं होतं, ते शेवटचं वाक्य कशाला?"

"खरं आहे म्हणून."

"मी सांगतोय ना तुम्हाला, कोपरा नव्हता तिथं!"

"तुम्ही सांगताय. मी बघितलं नाही."

"काय बाई आहे!" तो बाकाकडे वळून म्हणाला. "माफी मागते की आरोप करते, कळतंय का कोणाला?"

कोणाला कळत नव्हतं. पॉलिशवाला म्हणाला, "घे रे काम, उगाच डोकं लावू नकोस."

गुरगुरेनं हात पुढं केला. भिंगबाईनं आत जाऊन पाकिटांची चळत काढली आणि एकेक त्याच्या हातात ठेवली. त्यानं पहिलंच पाकीट तिथंच उघडलं, खडा स्वतःच्या भिंगाखाली धरला, मग दुसरं उघडलं, मग तिसरं. रांग खोळंबली. मालक वर निघून गेले. तो प्रत्येक खडा बघत होता आणि पुटपुटत होता, आणि ती दोन्ही हात कमरेवर ठेवून, दात आवळून, त्याचं संपेपर्यंत उभी होती.